व्हय म्हाराजा

मालवणहून तारकर्ली मागे टाकून दक्षिणेला निघालं की जमीन बारीक होत जाते. देवबागेत तर उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी आणि मधे माडांची, घरांची एक पट्टी, एवढंच उरतं. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे चालत जायला फार वेळ लागत नाही. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर भोगवे. संगमाजवळच्या वाळूच्या उंचवट्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला, असं गावात सांगतात. जमीन इथे येते तशी जातेही. पावसाळ्यात लाटा किनारा खातात, माड मुळांसकट आडवे होतात आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी पुन्हा एकदा सरकारदरबारी जाते.

अशा गावात राहणाऱ्या माणसाला देवाची आठवण कधी होते, याचं एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी भलत्याच समुद्रावर मिळालं होतं. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहत होता. तिथे मासेमारी दोन तऱ्हेची होती. बेटाच्या आतल्या शांत, उथळ पाण्यात मासा हमखास मिळे आणि जिवाला घोर नसे. त्या कामाला कसलाच मंत्रतंत्र लागत नसे. खुल्या समुद्रावर जायचं झालं की मात्र होडी घडवण्यापासून जाळं टाकेपर्यंत पावलोपावली विधी. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने मांडलं की माणसाचं कसब जिथे संपतं आणि नशीब सुरू होतं, तिथे मंत्र येतो.

देवबागेतही दोन पाणी आहेत. एकात ओहोटीला उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचता येतात, दुसऱ्यावर वारा फिरला की घरचे झोपत नाहीत. तरीही मॅलिनोव्स्कीचं म्हणणं इथे जसंच्या तसं चिकटवायला मी तयार नाही. एक तर कर्ली काही गरीब गाय नाही, पुरात तीही काठ कापते. आणि दुसरं, या सिद्धान्ताने माणूस देवाकडे केव्हा वळतो ते कळतं, वळल्यावर काय बोलतो ते कळत नाही. मालवणी मुलखात खरी गोष्ट बोलण्यातच आहे.

आधी ‘केव्हा’चं बघू. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलं. नोव्हेंबर म्हणजे मासेमारीचा ऐन हंगाम, होड्या बाहेर. कोकणात कित्येक घरांनी त्या आठवड्यात माणसांची वाट पाहिली, आणि काही घरांची वाट संपली नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. मालवण तालुक्यात घरांची छपरं उडाली, माड-आंबे कोसळले, विजेचे खांब आडवे झाले आणि पुष्कळ गावं कितीतरी दिवस अंधारात राहिली. शिवाय ते दिवस करोनाच्या दुसऱ्या लाटेचे. राज्यातली देवळं, चर्च, मशिदी सरकारी आदेशाने भाविकांना बंद होत्या. ती उघडली ७ ऑक्टोबर २०२१ ला. म्हणजे देवाची गरज सगळ्यात जास्त आणि देवळाला कुलूप, असा तो मे महिना होता. जे काही देवाला सांगायचं ते तुळशीपुढे, देव्हाऱ्यापुढे, घरातल्या क्रुसापुढे सांगावं लागलं.

हे फक्त कोकणात घडलं नाही. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ यानेट बेंट्सन यांनी शंभराहून जास्त देशांतले गुगलवरचे शोध तपासले. मार्च २०२० मध्ये ‘प्रार्थना’ या विषयाचे शोध आधीच्या वर्षांत कधी नव्हते इतके वाढलेले दिसले. भूकंप झालेल्या प्रदेशांत लोकांची धार्मिकता वाढते, असंही त्यांनी आधी दाखवलं होतं. न्यूझीलंडमध्ये तर योगायोगाने जवळजवळ प्रयोगच झाला. तिथे हजारो लोकांची पाहणी आधीपासून चालू होती आणि २२ फेब्रुवारी २०११ ला क्राइस्टचर्चला भूकंप झाला. देशात इतरत्र श्रद्धा ओसरत असताना भूकंपाची झळ लागलेल्यांत ती वाढली. श्रद्धेकडे वळल्यामुळे त्यांना आपली तब्येत अधिक बरी वाटली, असं मात्र आढळलं नाही. ही दुसरी ओळ भाविक लेखक सहसा गाळतात आणि पहिली ओळ नास्तिक लेखक.

आता बोलण्याकडे. दक्षिण कोकणात संकटात देवापुढे जे घालतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात. ग्रामदेवतेपुढे, एखाद्या म्हापुरुषाच्या पाषाणापुढे, शिमग्याच्या होळीपुढे, नवी होडी पाण्यात घालताना, आणि घरात कोणी आजारी असेल तरीही ते घातलं जातं. समोर नारळ असतो, पानाचा विडा असतो. बोलणारा ठरलेला असतो. कुठे गुरव, कुठे घाडी, कुठे गावकर मानकरी. मान पिढीजात चालत आलेला. मजकूर कागदावर नसतो. सुरुवातीला देवांना हाका मारल्या जातात, आणि नुसत्या गावच्या देवाला नव्हे. रामेश्वर, रवळनाथ, सातेरी, वेताळ, शिवेवरचे, वाटेवरचे, पाण्यातले, मूळपुरुष, सगळ्यांना हजर केलं जातं. कोणी राहून गेला तर त्याचा रुसवा नको. मग समोर कोण उभं आहे, कोणाचा कोण, कुठून आला, ते सांगितलं जातं. मुंबईहून आलेला चाकरमानी असेल तर मुंबईसुद्धा येते. त्यानंतर दुखणं. अमक्याचो झील दर्यात गेलो हा, आज इतके दिस झाले, अजून घराक इलो नाय. अमकीच्या पोटाक पोर नाय. अमक्याचो धंदो बसलो.

प्रत्येक वाक्य संपलं की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’

पुढे चुकलंमाकलं पदरात घ्यायची विनंती असते आणि जी काय पीडा आहे ती उचलून गावाच्या शिवेपलीकडे, समुद्रापार टाकायला देवाला सांगितलेलं असतं. सांगितलेलं असतं, असंच मी म्हणेन. कारण गाऱ्हाण्याचा सूर काकुळतीचा कमी आणि हक्काचा जास्त. तू आमचा राखणदार, तुझं आम्ही वेळच्या वेळी सगळं करतो, तर आता तुझं काम तू कर. मग देणं ठरतं. काम झालं तर नारळ, केळ्यांचा घड, ओटी, कोंबडा. पुन्हा ‘व्हय म्हाराजा’, आणि नारळ फुटतो.

मालवणी नाटकांनी आणि दूरचित्रवाणीने या गाऱ्हाण्याची गंमत केली आणि आता महाराष्ट्रभर लोक ते ऐकून हसतात. हसण्यासारखं त्यात आहेच. बोलणारा तयारीचा असला तर गावातल्या दोन-चार जणांना देवाच्या आडून टोमणेही मारून घेतो. पण पोरगा समुद्रात अडकलेल्या घराच्या बाजूने बघा. त्याच्या आईबापाच्या पोटात जे अडकलं आहे ते कोणीतरी ठणठणीत आवाजात, नाव-गाव लावून, वाक्यात मांडतो. आणि ते मांडल्यावर पन्नास माणसं ‘हो’ म्हणतात. देव ऐकतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी गावाने ऐकलं, हे त्या क्षणी सिद्ध होतं. संध्याकाळी त्या घरी कोणीतरी पेज घेऊन येणार, कोणीतरी होडी काढून शोधायला जाणार, ते बहुधा याच पन्नासांतलं असणार. दुःखाची प्रार्थना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मिटलेले डोळे आणि एकटा माणूस येतो. देवबागच्या किनाऱ्यावरची प्रार्थना उघड्या डोळ्यांची आणि चारचौघांतली आहे, आणि तिचं बळ तिथेच आहे असं मला वाटतं.

एक गोष्ट यात खटकते. आवाज पुरुषाचा असतो. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त वाट बघणारी बाई असते, पण तिचं गाऱ्हाणं तिच्या तोंडून देवळात क्वचितच येतं. ते मानकऱ्याच्या तोंडून येतं. तिने स्वतः घातलेलं गाऱ्हाणं तुळशीपुढे, तिन्हीसांजेला, साक्षीदारांशिवाय असतं. पन्नास जणांचं ‘हो’ तिला उसनं मिळतं.

देवबागेत कॅथलिक वस्तीही जुनी आहे, चर्च आहे. संकटात तिथे तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, नऊ दिवसांची नोव्हेना होते. गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या भागात वाटेवरच्या क्रुसापुढे शेजारीपाजारी जमून लदीन म्हणतात. त्याची घडण पाहिली की देवळातलं गाऱ्हाणं आठवल्यावाचून राहत नाही. एकजण मारियेचं एकेक नाव घेतो आणि बाकीचे दर नावाला तेच एक उत्तर देतात, ‘आमच्यासाठी विनंती कर’. हाक आणि प्रतिसाद, हाक आणि प्रतिसाद. कोणी कोणाकडून घेतलं हे शोधत बसण्यात अर्थ नाही. भीतीने गांगरलेल्या माणसांना लांबलचक काही बोलता येत नाही, एक ठरलेला शब्द पुन्हा पुन्हा म्हणता येतो, हे दोन्ही धर्मांना आपापल्या वाटेने कळलं असावं.

अशा पुनरुक्तीचं शरीरावर काय होतं ते इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिन जपमाळ आणि एकदा ‘ॐ मणिपद्मे ॐ’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरला, आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची ताकद वाढली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. माळ ओढणारी आजी गेली दोनतीनशे वर्षं जे करते आहे त्यात निदान एवढं शरीरशास्त्र आहे. यावरून देव सिद्ध होत नाही, आणि तसं सिद्ध करायचं त्या संशोधकांच्याही मनात नव्हतं.

देवाशी हक्काने बोलणं, त्याला जाब विचारणं, हे कोकणापुरतं नाही. मराठीत त्याची थोर परंपरा घाटावर आहे. १६३० ते १६३२ चा दुष्काळ दख्खनच्या इतिहासातल्या सगळ्यात भीषण दुष्काळांपैकी एक. देहूच्या तुकारामांचा व्यापार त्यात बुडाला, पहिली बायको आणि मुलगा गेला. ते भंडाऱ्या डोंगरावर जाऊन बसले. पुढे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवापुढे बसून राहिले, असं परंपरा सांगते. याला आपण आज उपोषण म्हणू, धरणं म्हणू. त्यांच्या अभंगांत विठोबाशी भांडण आहे, टोचून बोलणं आहे, सरळ शिव्याही आहेत. जनाबाईंनी तर त्याआधी तीनशे वर्षं विठोबाला फैलावर घेतलं होतं. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. त्यातलं बहुतेक प्रत्येक स्तोत्र शेवटी आशेकडे वळतं. ८८वं वळत नाही, अंधारातच थांबतं. संकलन करणाऱ्यांनी ते वगळलं नाही, हे मला धर्मग्रंथातल्या मोठ्या धाडसांपैकी एक वाटतं.

तक्रार करणाऱ्या भक्ताची काळजी करू नये. काळजी त्याची करावी ज्याला वाटतं की हे संकट म्हणजे आपल्याला झालेली शिक्षा आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगमेंट यांनी पंचावन्न वर्षांवरच्या सुमारे सहाशे रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही, असं वाटणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं. आजाराची तीव्रता वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही जास्त निघालं.

गाऱ्हाण्याची दुसरी बाजू इथेच सुरू होते. संकट आलं की पहिला प्रश्न ‘काय करू’ असतो, पण त्याच्या मागोमाग ‘कोणामुळे’ येतो. त्यासाठी कौल लावतात. पाषाणाला ओले तांदूळ किंवा फुलांच्या कळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. कौलाने गावाचे मोठे निर्णय होतात. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला रामेश्वराच्या कौलाने सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो, त्याला गावपळण म्हणतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांग ठरवत नाही, कौल ठरवतो. हे सगळं छान आहे. पण तोच कौल जेव्हा आजारी मुलाचा दोष काकीच्या नजरेत किंवा वाटणीवरून तुटलेल्या भावाच्या करणीत दाखवतो, तेव्हा दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत नाहीत. देवस्कीच्या नावाने पैसे उकळणारे असतातच. बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत त्याचे मित्र सात दिवस गप्प बसून त्याच्यासोबत राहतात तोवर सगळं ठीक असतं. ते बोलायला लागतात, ‘तुझंच काही चुकलं असेल’ म्हणतात, आणि शेवटी देवाचा राग ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर निघतो.

अशा अंधश्रद्धांविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्या कायद्याने नवस, वारी, प्रदक्षिणा, गाऱ्हाणं यांना हात लावलेला नाही. रेषा त्याने ओढली ती इजा आणि फसवणूक यांच्यावर. ती रेषा मला योग्य जागी पडलेली वाटते.

प्रार्थनेने काम होतं का? इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७२ मध्ये आकडे मांडून विचारलं की राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी देशभर प्रार्थना होतात, मग हे लोक इतर सुखवस्तू लोकांपेक्षा कमी का जगतात? पुढचा मोठा प्रयत्न २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १८०२ रुग्ण घेतले. एका गटासाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही, आणि कोणासाठी होते आहे ते दोन्ही गटांना माहीत नव्हतं. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी प्रार्थना होते आहे’ असं सांगितलेलं होतं. त्यांच्यात प्रमाण ५९ टक्के निघालं! आपली तब्येत इतकी का बिघडली आहे की लोक प्रार्थना करतायत, या धास्तीने असं झालं असेल, असा एक अंदाज.

या प्रयोगाला मी दोष देणार नाही, पण देवबागच्या माणसाला तो विचित्र वाटेल. प्रार्थना करणारे अनोळखी, रुग्णाचं पूर्ण नावही त्यांना ठाऊक नाही. रुग्णाने त्यांचा आवाज कधी ऐकला नाही. कोणी पेज आणली नाही. गाऱ्हाण्यातून गाव काढून टाकला आणि मग गाऱ्हाणं चालतं का ते मोजलं.

राहता राहिला नवस. इतर व्यवहारांपेक्षा त्याच्या अटी स्पष्ट असतात. माणूस सुखरूप आला तर देणं फेडायचं. नाही आला तर देणं लागू होत नाही. देवाला कोणी कोर्टात खेचत नाही, त्याचं देऊळही ओस पडत नाही. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मग नारळी पौर्णिमेला पुन्हा त्याच समुद्राला नारळ. ज्याने गेल्या वर्षी माणूस नेला त्यालाच. यात विसंगती आहे असं किनाऱ्यावरच्या लोकांना वाटत नाही. समुद्र बदलून मिळत नाही.

अडचण होते ती माणूस परतला नाही आणि प्रेतही मिळालं नाही तर. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांना दिसलं की ही घरं शोकही करू शकत नाहीत आणि आशाही सोडू शकत नाहीत. अशा हानीला त्यांनी ‘संदिग्ध हानी’ म्हटलं. कोळ्याच्या घरात ती संदिग्धता कागदावरही उतरते. आपल्या पुराव्याच्या कायद्यानुसार एखाद्याची सात वर्षं काही खबर नसेल तरच तो मेला असं न्यायालय धरून चालतं. तोवर मृत्यूचा दाखला अडतो, आणि दाखल्याशिवाय विमा, बँकेतले पैसे, होडीची कागदपत्रं, सगळंच अडतं. बायकोने मंगळसूत्र ठेवायचं की काढायचं, बाराव्याला माणसं बोलवायची की नाही, हे घरातल्यांनी ठरवायचं असतं आणि प्रत्येकाचं मत वेगळं असतं. भाऊ म्हणतो विधी उरकून टाकू, निदान दाखल्याच्या मागे लागता येईल. आई म्हणते तुम्हाला घाई कसली झाली आहे. आणि होडी निघाल्या दिवशी बोललेल्या नवसाचं काय करायचं, हे त्या घरात कोणी मोठ्याने विचारत नाही.